पोटशूळ घोड्याचा, साक्ष उदरद्रवाची

समजा, पावसाळ्यातली रात्र आहे. पुण्याच्या लष्कर भागात, रेसकोर्सजवळच्या एका तबेल्यात एक घोडा अस्वस्थ आहे. संध्याकाळचा तोबरा त्याने तसाच ठेवला. तो पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून पुन्हा पुन्हा आपल्या कुशीकडे पाहतो, खाली बसतो, लोळतो आणि पुन्हा उठतो. अंगाला घाम सुटला आहे. जाणत्या सईसाला हे दृश्य ओळखायला वेळ लागत नाही. घोड्याच्या पोटात कळा येत आहेत. यालाच घोड्याचा पोटशूळ म्हणतात.

थोड्या वेळाने पशुवैद्य येतात. त्यांच्यापुढे एकच प्रश्न असतो, पण तो फार मोठा असतो. या घोड्याच्या आतड्यात नुसता वायू कोंडला आहे, की आतड्याला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा तुटला आहे? पहिल्या प्रकारात एक इंजेक्शन आणि थोडी वाट पाहणे पुरते. दुसऱ्या प्रकारात ताबडतोब पोट उघडून शस्त्रक्रिया केली नाही, तर घोडा वाचत नाही. बाहेरून मात्र दोन्ही घोडे सारखेच लोळत असतात. माणसाला निदान "कुठे दुखते?" असे विचारता येते. घोड्याला विचारायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पशुवैद्य दोन ठिकाणचे थेंब घेतात. एक शिरेतल्या रक्ताचा आणि दुसरा पोटाच्या पोकळीतल्या द्रवाचा. हे दोन थेंब काय सांगतात आणि दोन्ही का घ्यावे लागतात, ते या लेखात पाहू.

पुण्याला याचे काय?

टांगे गेले, पण पुण्यातून घोडे गेले नाहीत. मुंबईच्या महालक्ष्मीवरचा हंगाम संपला की शर्यतीचे घोडे पुण्याला येतात आणि पावसाळ्यात येथे शर्यती होतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्र घोडेस्वारी शिकतात. लग्नसराईत वरातीचे घोडे रस्त्यावर दिसतात. आणखी एक नाते आपल्या सहसा लक्षात येत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरचे औषध घोड्याच्या रक्तद्रवापासून बनवतात. हाफकिनने या कामासाठी पिंपरीला घोडे पाळले. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवातही पूनावाला कुटुंबाच्या घोडेपैदास केंद्रातून झाली. तेथील निवृत्त घोडे प्रतिरक्तजल तयार करण्यासाठी हाफकिनला दिले जात. हे काम आपणच का करू नये, या विचारातून ही संस्था उभी राहिली. खेड्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला साप चावला आणि तो वाचला, तर त्यात एखाद्या घोड्याचाही वाटा असतो.

परदेशांतील पाहण्यांनुसार १०० घोड्यांमागे वर्षाला साधारण ४ ते १० घोड्यांना पोटशूळ होतो. त्यांतील बहुतेक साध्या उपचारांनी बरे होतात. शस्त्रक्रियेची गरज साधारणपणे दहांत एकाला, किंवा त्याहूनही कमी घोड्यांना लागते. पण तो एक कोणता, हे वेळेत ओळखणे हीच खरी अडचण आहे.

घोड्याचेच पोट असे का?

गाय आणि घोडा दोघेही गवत खातात, पण ते पचवण्याची जागा वेगळी. गाय गवत आंबवते ते पोटाच्या पुढच्या कप्प्यात. घोड्याचे जठर त्याच्या आकारमानाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचे. पुढे वीस मीटरहून लांब लहान आतडे. गवतातील तंतू आंबवण्याचे काम त्यानंतर अंधनालात आणि मोठ्या आतड्यात चालते. या दोन्हींत मिळून शंभर लिटरच्या आसपास ऐवज मावतो. एवढे मोठे पिंप सतत आंबत असते आणि त्यातून सतत वायू निघत असतो.

या रचनेत तीन धोके आहेत. पहिला म्हणजे, मोठे आतडे नालेच्या आकारात दुमडलेले असते आणि त्याचा बराचसा भाग पोटाच्या भिंतीला बांधलेला नसतो. फुगले की ते तरंगल्यासारखे सरकते, कधी स्वतःभोवती फिरते. दुसरा म्हणजे, ते वळते त्या ठिकाणी एकदम अरुंद होते. तेथे सुके वैरण अडकून बोळा बसतो. तिसरा धोका अधिक वाईट. घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायूंचा कडा इतका घट्ट असतो, की आतला दाब वाढला तर उलटी होण्याऐवजी जठर फुटू शकते. म्हणूनच पोटशूळ झालेल्या घोड्याच्या नाकातून जठरात नळी घालून दाब मोकळा करणे हे पशुवैद्याचे पहिल्या काही कामांपैकी एक असते.

खाण्यातला अचानक बदल, कमी पाणी, एकाच जागी बांधून ठेवणे, लांबचा प्रवास, पोटातले जंत, वैरणीबरोबर गेलेली वाळू अशी पोटशुळाची अनेक कारणे आहेत. पण निदानाच्या दृष्टीने पशुवैद्य त्यांचे तीन गट पाडतात. पहिल्या गटात वायू किंवा बोळ्यामुळे मार्ग अडतो, पण आतड्याचा रक्तपुरवठा चालू असतो. दुसऱ्या गटात आतड्याला पीळ किंवा फास बसून मार्गही अडतो आणि रक्तही. तिसऱ्या गटात आतड्याला किंवा पोटातील आवरणाला जंतूंमुळे दाह होतो. यांपैकी दुसऱ्या गटात घड्याळ फार वेगाने चालते. रक्त पूर्ण तुटले तर तीन-चार तासांत आतड्याच्या आतल्या अस्तराची मोठी हानी होते.

फास बसल्यावर आत काय घडते?

आतड्याकडे जाणारी रोहिणी जाड भिंतीची असते आणि परत येणारी नीला पातळ भिंतीची. फास आवळू लागला की आधी नीला दबते. रोहिणी मात्र काही काळ रक्त आत ढकलत राहते. आत येते पण बाहेर जात नाही, अशी स्थिती होते. आतड्याची भिंत रक्ताने तट्ट फुगते, जांभळी पडते आणि तिच्यातून पाझर सुरू होतो. आधी प्रथिनयुक्त पाणी, मग तांबड्या रक्तपेशी पोटाच्या पोकळीत उतरतात.

त्याच वेळी आतड्याच्या पेशींत एक रासायनिक बदल होतो. आठवीच्या पुस्तकात आपण शिकवतो, की पेशीला ऊर्जा मिळण्यासाठी ग्लुकोज लागते आणि ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन भरपूर असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे ३० च्या आसपास रेणू मिळतात. ऑक्सिजन तुटला तर पेशी लगेच मरत नाही. ती ग्लुकोज अर्ध्या वाटेवर तोडते आणि एटीपीच्या अवघ्या २ रेणूंवर दिवस काढते. या अर्ध्या वाटेवरचा शेवटचा पदार्थ म्हणजे लॅक्टेट, म्हणजेच दुग्धाम्लाचे शरीरातील रूप.

दुग्धाम्ल आपल्या घरचेच आहे. दह्याचा आंबटपणा त्याचाच. शेले या शास्त्रज्ञाने १७८० साली ते आंबलेल्या दुधातून वेगळे केले. १८४३ साली शेरर या जर्मन वैद्याने बाळंतरोगाने मरण पावलेल्या स्त्रियांच्या रक्तात ते दाखवले. रक्तातील दुग्धाम्ल आणि गंभीर आजार यांचा संबंध तेव्हापासून वैद्यकात शोधला जात आहे. ज्या आतड्याचा श्वास कोंडला आहे, ते लॅक्टेटच्या रूपाने जणू आपली हाक बाहेर पाठवत असते. ती हाक कोठे ऐकायची, एवढाच प्रश्न उरतो.

ओढा आणि नदी

सोपे उत्तर असे वाटेल, की शिरेतून रक्त काढावे आणि त्यातले लॅक्टेट मोजावे. रक्त सगळीकडून फिरून येते, म्हणजे बातमीही सगळीकडची आणत असणार. पण नेमकी येथेच गोम आहे.

पुण्यातला आंबिल ओढा मुठेला मिळतो. ओढ्याच्या काठच्या एखाद्या वस्तीतून रंगाचे पाणी येऊ लागले आहे, असे समजा. ते ओळखण्यासाठी पाण्याचा नमुना कोठे घ्याल? संगमाच्या खूप खाली नदीत घेतलात, तर थोडासा रंग एवढ्या पाण्यात दिसणारही नाही. तोच नमुना ओढ्यात घेतला तर लगेच दिसेल.

घोड्याच्या शरीरात रक्त ही नदी. ५०० किलोच्या घोड्यात ते सुमारे ४० लिटर असते. आतड्याच्या एका तुकड्यातून आलेले लॅक्टेट त्यात विरून जाते. शिवाय वाटेत एक शुद्धीकरण केंद्रही आहे. आतड्याकडून येणारे रक्त आधी यकृतात जाते आणि यकृत लॅक्टेट उचलून त्याचे पुन्हा ग्लुकोज बनवते. स्नायूंतले लॅक्टेट यकृताकडे आणि यकृतातले ग्लुकोज पुन्हा स्नायूंकडे, हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने उलगडले. ग्लायकोजेनवरील कार्यासाठी १९४७ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. यकृत धडधाकट असेपर्यंत रक्तातले लॅक्टेट उशिरा वाढते. ते खूप वाढते तेव्हा बहुधा सारे शरीरच संकटात आलेले असते.

ओढा म्हणजे पोटाच्या पोकळीतला उदरद्रव. आतड्यांना एकमेकांवर घासू न देणारा हा थोडासा पातळ द्रव आतड्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला थेट भिजवत असतो. कोंडलेल्या आतड्यातून झिरपणारे लॅक्टेट, प्रथिने आणि पेशी त्यात आधी आणि दाट उतरतात. म्हणून उदरद्रवाची साक्ष रक्ताच्या आधीची आणि अधिक जवळची असते.

सुई कोठे, कशी?

उदरद्रव काढणे दिसायला अवघड वाटते, पण अनुभवी पशुवैद्य ते तबेल्यातच करतात. घोडा उभा असतो. पोटाचा सर्वांत खाली लोंबणारा भाग निवडतात आणि मध्यरेषेच्या जरा उजवीकडे केस काढून जागा निर्जंतुक करतात. उजवीकडे एवढ्यासाठी, की डावीकडे प्लीहा असते. मग निर्जंतुक सुई किंवा बोथट टोकाची छोटी नळी आत सरकवतात. द्रव थेंबाथेंबाने आपोआप खाली येतो.

तो दोन-तीन वेगवेगळ्या नळ्यांत धरतात, याला कारण आहे. पेशी मोजायच्या नळीत ईडीटीए हा पदार्थ असतो. तो कॅल्शियमला बांधून ठेवतो, त्यामुळे द्रव गोठत नाही. लॅक्टेट लगेच मोजता येणार नसेल, तर फ्लुओराइड असलेली नळी घेतात. कारण नळीत उतरलेल्या रक्तपेशी अजून जिवंत असतात. तांबड्या रक्तपेशींत मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्यामुळे त्या ग्लुकोज तोडून लॅक्टेटच बनवतात. नमुना तासभर तसाच ठेवला तर घोड्याच्या लॅक्टेटबरोबर नळीत बनलेले लॅक्टेटही मोजले जाईल. फ्लुओराइड हे तोडणे थांबवते. नमुना घेण्यातली चूक पुढे कितीही चांगल्या यंत्राने सुधारत नाही, हा प्रयोगशाळेतला जुना धडा येथेही लागू पडतो.

द्रव काय सांगतो?

आधी डोळ्यांनी पाहायचे. निरोगी घोड्याचा उदरद्रव फिकट पिवळा आणि नितळ असतो. नळीमागे छापील कागद धरला तर अक्षरे वाचता येतात. तो गढूळ असेल तर पेशी वाढल्या आहेत. गुलाबी-तांबूस असेल तर फास बसलेल्या आतड्यातून पाझर सुरू झाला असावा. हिरवट-तपकिरी असून त्यात वैरणीचे कण दिसत असतील आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू व भरपूर पांढऱ्या पेशी असतील, तर आतडे फुटले आहे. अशा वेळी बहुधा घोड्याच्या वेदना संपवणे एवढेच हाती उरते.

मग प्रथिने मोजतात. यासाठी लागणारे उपकरण आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे. द्राक्षाची किंवा उसाची गोडी पाहण्यासाठी रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरून पाहायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर! द्रवात विरघळलेले पदार्थ वाढले की प्रकाशाचे वक्रीभवन वाढते, हेच तत्त्व. द्राक्षाच्या रसात ती साखर असते, येथे प्रथिने. निरोगी उदरद्रवात १०० मिलिलिटरमध्ये अडीच ग्रॅमपेक्षा कमी प्रथिने असतात. रक्तद्रवात ती साधारण ६ ते ८ ग्रॅम असतात. उदरद्रवातला आकडा वर सरकू लागला, म्हणजे मधला बांध गळू लागला.

पांढऱ्या पेशी निरोगी द्रवात एका घन मिलिमीटरला साधारण ५,००० पर्यंत, काही घोड्यांत १०,००० पर्यंत असतात. त्या फार वाढल्या असतील तर जंतुजन्य दाहाचा संशय येतो. अशा वेळी द्रवातले ग्लुकोजही मोजतात. जंतू आणि पांढऱ्या पेशी दोन्ही ग्लुकोज खातात. त्यामुळे द्रवातले ग्लुकोज रक्तातल्यापेक्षा बरेच खाली गेलेले आढळते.

शेवटी लॅक्टेट. खेळाडूंच्या सरावासाठी तयार झालेली हातात मावणारी यंत्रे आता तबेल्यातही वापरतात. मधुमेहींच्या ग्लुकोमीटरसारखेच हे काम. पट्टीवरचे विकर लॅक्टेटवर क्रिया करते, त्यातून अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि यंत्र त्याचा आकडा दाखवते. निरोगी प्रौढ घोड्याच्या रक्तात लॅक्टेट लिटरला २ मिलिमोलपेक्षा कमी असते आणि उदरद्रवात ते साधारणपणे रक्ताइतके किंवा त्याहून कमी असते. उदरद्रवाचा आकडा २ च्या वर गेला आणि रक्ताच्या आकड्यालाही मागे टाकू लागला, तर फास बसल्याचा संशय बळावतो.

रक्ताचे स्वतःचे काम

मग रक्त तपासायचेच कशाला? कारण उदरद्रव आतड्याची बातमी देतो, तर रक्त साऱ्या घोड्याची. रक्त नळीत घेऊन वेगाने फिरवले की पेशी तळाशी बसतात. त्यांचा वाटा निरोगी घोड्यात साधारण ३२ ते ४८ टक्के असतो. आतड्यात पाणी अडकून राहिले की रक्त दाट होते आणि हा आकडा चढतो. तो ६० च्या पुढे गेला तर स्थिती गंभीर समजतात. घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. घाबरल्यावर किंवा वेदनेने प्लीहा आकुंचन पावते आणि त्या पेशी रक्तात येतात. म्हणून पाणी खरोखर कमी झाले आहे का हे ठरवताना पेशींच्या जोडीने रक्तद्रवातली प्रथिनेही पाहतात. पाणी कमी झाले असेल तर दोन्ही आकडे वाढतात. पेशी वाढल्या आणि प्रथिने घटली, तर प्रथिने आतड्यातून गळत असल्याचा संशय येतो.

अलीकडच्या काळात सीरम अ‍ॅमिलॉइड ए या प्रथिनाचा उपयोग वाढला आहे. निरोगी घोड्याच्या रक्तात ते जवळजवळ नसते. दाह सुरू झाला की यकृत ते बनवू लागते. सहा ते बारा तासांत ते वाढलेले दिसते आणि पुढे शेकडो पट होऊ शकते. पोटशूळ नुकताच सुरू झाला आहे आणि हे प्रथिन मात्र खूप वाढलेले आहे, असे आढळले तर दाह आधीपासूनच शिजत होता, असा अर्थ निघतो. म्हणजे नुकताच बसलेला पीळ यापेक्षा आतड्याचा किंवा आवरणाचा दाह अधिक संभवतो आणि त्यावर बहुधा औषधे हा उपाय असतो.

तीन घोडे

हे सर्व एकत्र कसे वापरतात, ते कल्पित उदाहरणाने पाहू. तिन्ही घोडे लोळत आहेत आणि तिघांच्या नाडीचे ठोके मिनिटाला ५६ च्या आसपास आहेत. निरोगी घोड्यात ते साधारण २८ ते ४४ असतात.

पहिला घोडा : रक्तातील लॅक्टेट १.३, उदरद्रवातील १.०. द्रव नितळ पिवळा, प्रथिने १.५ ग्रॅम.

दुसरा घोडा : रक्तातील लॅक्टेट २.१, उदरद्रवातील ६.२. द्रव तांबूस, प्रथिने ३.४ ग्रॅम.

तिसरा घोडा : रक्तातील लॅक्टेट १.५, उदरद्रवातील २.४. द्रव पिवळा, प्रथिने २.३ ग्रॅम.

पहिल्याला वेदनाशामक, जठरात नळीवाटे पाणी आणि देखरेख पुरेल. दुसऱ्याच्या बाबतीत वाट पाहणे धोक्याचे. त्याला लगेच शस्त्रक्रियेची सोय असेल तेथे न्यायला हवे. रक्ताचा आकडा एकटा पाहिला असता, तर हाच घोडा जेमतेम संशयास्पद वाटला असता, हे लक्षात घ्या. आणि तिसरा? त्याच्याबद्दल आज्ञा देणारा आकडा नाही. अशा वेळी एक-दोन तासांनी पुन्हा नमुना घेतात. उदरद्रवातले लॅक्टेट २.४ वरून १.८ वर उतरले तर दिलासा. तेच ४.१ वर चढले तर निर्णय झाला. एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांतील फरक बोलका असतो. तापाच्या रोग्याचा तक्ता आपण याच कारणाने ठेवतो.

आकडा कधी फसवतो?

शर्यत नुकतीच धावलेल्या निरोगी घोड्याच्या रक्तात लॅक्टेट २० ते ३० मिलिमोलपर्यंत जाते. ते स्नायूंतून आलेले असते. त्याचा आतड्याशी संबंध नाही आणि विश्रांतीनंतर ते उतरते. म्हणून घोडा कालपासून काय करत होता, हे सईसाला विचारल्याखेरीज आकड्याला अर्थ नाही.

सुईने एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली तर नितळ द्रवात तांबडी रेघ उतरते. सुई चुकून प्लीहेत गेली तर येणाऱ्या द्रवात तांबड्या पेशींचे प्रमाण शिरेतल्या रक्तापेक्षाही जास्त भरते. यावरून चूक ओळखता येते. उलट, आतड्याचा तुकडा अंडकोषाच्या पिशवीत किंवा छातीच्या पोकळीत शिरून तेथे अडकला असेल, तर त्याचा पाझर पोटातल्या द्रवात येतच नाही. मग आत आग लागलेली असूनही द्रव नितळ राहतो. मोठ्या आतड्याला पूर्ण पीळ बसला तर सुरुवातीला द्रव कधीकधी चांगला दिसतो आणि घोडा मात्र डोळ्यांदेखत ढासळतो. अशा वेळी वेदनाशामकाला दाद न देणारी वेदना, चढत जाणारी नाडी आणि हिरड्यांचा बदललेला रंग यांनाच मान द्यावा लागतो.

शंभर चिंचोके

वर्गात करून पाहण्याजोगे काही आहे. शंभर चिंचोके घ्या. दहांवर खडूने खूण करा. हे फास बसलेले घोडे. बाकीचे नव्वद साध्या पोटशुळाचे. आता अशी चाचणी कल्पा, की ती दहा खऱ्या रोग्यांपैकी नऊ पकडते, पण निर्धोक घोड्यांतल्याही दर दहांत एकावर चुकून बोट ठेवते. चाचणी "चांगली" आहे, असे कोणीही म्हणेल. विद्यार्थ्यांना मोजायला सांगा. खरे नऊ आणि चुकीचे नऊ, म्हणजे चाचणीने अठरा घोड्यांवर शिक्का मारला आणि त्यांतले निम्मे निर्दोष! या अठराही घोड्यांचे पोट उघडायचे का?

आता पशुवैद्याने आधी नाडी, हिरड्या, आतड्याचे आवाज आणि वेदनेचा जोर पाहून तीसच घोडे निवडले आणि त्यांत ते दहाही आले, असे समजा. या तिसांवर तीच चाचणी लावा. खरे नऊ, चुकीचे फक्त दोन. अकरांपैकी नऊ बरोबर. चाचणी बदलली नाही. ती कोणावर करायची, याचा विचार बदलला. आणि दोन्ही वेळा एक खरा रोगी निसटला, हेही विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्या. "चाचणी ठीक आली" म्हणून घोड्यावरची नजर काढायची नसते, ती या एकासाठी.

ओढा-नदीचा प्रयोगही सोपा आहे. पोटॅशियम परमँगनेटचे दोन-तीन स्फटिक कापडात बांधून पाण्याने भरलेल्या बादलीत एका कडेला अलगद सोडा. काही मिनिटांनी पुरचुंडीशेजारचे आणि दुसऱ्या कडेचे पाणी ड्रॉपरने काढून पांढऱ्या बशीत शेजारी शेजारी ठेवा. मग बादली ढवळून पुन्हा पाहा. कोणता थेंब लवकर बोलला?

निर्णयाची रात्र

पुन्हा त्या तबेल्याकडे येऊ. पशुवैद्य येईपर्यंत सईसाच्या हाती बरेच असते. समोरचे वैरण काढून घेणे, घोडा आपटून जखमी होणार नाही अशी मोकळी जागा देणे, जबड्याखालची नाडी मोजून वेळेसह लिहून ठेवणे, शेवटची लीद कधी पडली आणि खाणे कधी सोडले ते आठवणे. तोंडातून जबरदस्तीने तेल किंवा काढा ओतू नये. तो फुप्फुसात जाऊ शकतो. उरलेले वेदनाशामक स्वतःच्या मनाने टोचू नये, कारण त्याने वेदना झाकली जाते आणि तिच्याबरोबर निदानही.

घोड्याच्या पोटावरची शस्त्रक्रिया खर्चाची आहे. चार-पाचशे किलोच्या जनावराला भूल देण्याची सोय मोजक्याच ठिकाणी असते. शर्यतीच्या घोड्याचा मालक ती करू शकेल. वरातीच्या एका घोड्यावर घर चालवणाऱ्याला ती बहुधा परवडणार नाही. पण म्हणून या दोन थेंबांचे मोल त्याच्यासाठी कमी होत नाही. द्रव नितळ आणि लॅक्टेट कमी निघाले, तर कर्ज काढून रात्रीच घोडा हलवण्याची घाई टळते. धीर धरायला आधार मिळतो. आणि द्रवात वैरणीचे कण दिसले, तर मुक्या जनावराला सकाळपर्यंत तळमळत ठेवण्यात अर्थ नाही, हे खिन्न मनाने का होईना, पण वेळेत कळते.

घोड्यांच्या वैद्याला आपल्याकडे पूर्वी सलोतरी म्हणत. प्राचीन अश्ववैद्य शालिहोत्राच्या नावावरून तो शब्द आला. सलोतरी घोड्याचे डोळे, कान, हिरड्या, लीद पाहून आतले ओळखायचा प्रयत्न करी. आजच्या पशुवैद्याच्या हाती सुई, रिफ्रॅक्टोमीटर आणि लॅक्टेटचे यंत्र आले, तरी ते जुने पाहणे सुटलेले नाही. आधी घोडा नीट पाहायचा, सईसाचे ऐकायचे, त्यातून प्रश्न नेमका करायचा आणि मगच थेंबाला विचारायचे. नेमका प्रश्न विचारला, तरच थेंब नेमके उत्तर देतो.